काळं मांजर, काचेपलीकडचे पक्षी आणि एक घरटं

प्रश्न : गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे सध्या घरीच बसून आहे. आमचं मांजर पूर्ण काळं आहे. मोबाइलवर फोटो काढले की आमच्या फिकट सोफ्यावर नुसता एक काळा डाग दिसतो. फ्लॅश लावला तर डोळे हिरवे चमकतात. काय करू?

उत्तर : फ्लॅश आधी बंद करा. मांजराच्या दृष्टिपटलामागे उजेड परतवणारा एक थर असतो. अंधुक उजेडात त्याला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं ते त्या थरामुळे, आणि फ्लॅशचा उजेडही त्याच्यावरूनच परत फिरून थेट लेन्समध्ये येतो. फ्लॅश लेन्सच्या जितका जवळ, तितकी ही चमक जास्त. मोबाइलमध्ये तर दोन्ही शेजारी-शेजारीच असतात.

उजेड घ्यायचा तो खिडकीचा, आणि तोही बाजूने येणारा. माझ्या घरीही काळी मांजर आहे आणि याबाबत माझं मत पक्कं झालं आहे. समोरून उजेड पडला की काळं अंग सपाट दिसतं. बाजूने पडला की पाठीची गोलाई, खांद्याची हालचाल, कानाच्या कडेचे बारीक केस सगळं उमटतं. उन्हात तर तिच्या पोटाकडे चक्क तांबूस झाक दिसते. कडक ऊन थेट आत येत असेल तर पातळ पडदा ओढून घ्या.

डाग दिसण्याचं कारण मात्र मांजर नाही, सोफा आहे. फ्रेममध्ये फिकट भाग जास्त असला की कॅमेरा एकूण उजेड कमी करतो आणि त्यात बिचारं मांजर बुडतं. सोफ्यावर करडी किंवा मातकट चादर टाका. मग स्क्रीनवर मांजराच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा. बहुतेक मोबाइलमध्ये त्याने फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच लॉक होतात, नंतर बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. चेहऱ्याने जवळजवळ सगळी फ्रेम व्यापली असेल तर उलटं घडतं, काळ्याचं करडं होतं. तेव्हा उजेड थोडा उतरवा. फोकस नेहमी तुमच्या बाजूच्या डोळ्यावर ठेवा.

प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढावा असं मी सगळ्यांना सांगते, पण तुम्हाला खाली बसता येणार नाही. म्हणून खिडकीशेजारी एक खुर्ची किंवा टेबल ठेवा आणि मांजराची नेहमीची चादर त्यावर घाला. त्याला उचलून तिथे बसवू नका, ते लगेच उठून जाईल. त्याच्या मनाला येईल तेव्हा ते आपणहून चढेल. तोवर उजेड कुठून कुठे सरकतो ते बघून ठेवा.

प्रश्न : अंगणात पक्षी येतात, पण मी दार उघडलं की उडून जातात. काचेतून काढलेले फोटो धुरकट येतात आणि त्यात माझंच प्रतिबिंब दिसतं.

उत्तर : दार उघडूच नका. पक्ष्यांच्या छायाचित्रणात सगळ्यात अवघड काम असतं आडोसा उभा करण्याचं. रिचर्ड आणि चेरी किअर्टन या इंग्लंडच्या भावांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पक्ष्यांची छायाचित्रं काढायला पोकळ बैल तयार केला होता आणि त्याच्या आत कॅमेरा घेऊन बसायचे! तुमच्यासाठी तुमचं घरच तो आडोसा आहे, पक्षी त्याला सरावलेले आहेत.

काच दोन्ही बाजूंनी पुसा. खोलीतले दिवे बंद करा, गडद कपडे घाला. लेन्स काचेच्या अगदी जवळ न्या आणि भोवती काळं कापड धरा, म्हणजे मागून येणारा उजेड काचेवर पडणार नाही. काचेतून तिरकं बघू नका, समोरासमोर राहा. तिरक्या कोनातून पक्ष्याची बारीक पिसं हमखास बिघडतात.

आता खरं काम. पक्ष्यामागे धावू नका, जागा तुम्ही निवडा. उथळ भांड्यात पाणी ठेवा, रोज बदला. भांड्याशेजारी एक वाळकी, खडबडीत फांदी रोवा, कारण बरेच पक्षी थेट पाण्यावर न उतरता आधी जवळ कुठेतरी टेकतात आणि आजूबाजूला नजर टाकतात. तोच तुमचा क्षण. फांदीच्या मागची भिंत किंवा झुडूप दोन-तीन मीटर लांब असेल तर पार्श्वभूमी आपोआप विरघळते. सूर्य खिडकीच्या बाजूला किंवा मागे असतानाची वेळ निवडा. बसलेल्या पक्ष्यालाही शटर स्पीड, म्हणजे फोटो टिपायला कॅमेरा घेतो तो वेळ, १/५०० सेकंद ठेवा, कारण त्याची मान सतत फिरत असते. उडताना टिपायचा तर १/२००० च्या आसपास. आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील आहे त्याचा आकडा, वाढला, फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील. हललेला डोळा मात्र नंतर दुरुस्त होत नाही.

पक्षी बोलावण्यासाठी मोबाइलवर त्यांचे आवाज वाजवू नका, एवढी मनापासून विनंती. विणीच्या दिवसांत त्या पक्ष्याला वाटतं की हद्दीत प्रतिस्पर्धी घुसला, आणि तो पिल्लांना भरवायचं सोडून त्याला शोधत फिरतो.

प्रश्न : बाल्कनीतल्या कुंडीत घरटं आहे, पिल्लं अंड्यांतून बाहेर आली आहेत. समोरच्या दोन फांद्या बाजूला बांधल्या तर छान फोटो मिळेल. बांधू का?

उत्तर : नाही. त्या फांद्या पिल्लांची सावली आहेत आणि शिकारी पक्ष्यांपासूनचा पडदाही. फांदी बांधली की दुपारचं ऊन सरळ उघड्या अंगावर पडतं. तुम्ही रोज घरट्याशी जाता हे कावळ्यांच्याही लक्षात येतं. शिवाय उडायच्या बेताला आलेली पिल्लं दचकली तर वेळेआधीच घरट्याबाहेर उड्या घेतात.

फोटो काढाच, पण खोलीतून, पडद्याआडून, फ्लॅशशिवाय, आणि घरट्याचा नाही. आईवडील चोचीत किडा घेऊन कठड्यावर बसतात, तो फोटो काढा. तुम्ही उभ्या असताना पक्षी चोचीत चारा धरून नुसताच इकडेतिकडे उडत असेल, आत जात नसेल, तर तो तुमच्यामुळेच थांबलाय. ताबडतोब मागे व्हा.

प्रश्न : नवीन कॅमेरा घेऊ की मोबाइल पुरेल?

उत्तर : पाळीव प्राणी आणि किडे यांना मोबाइल पुरतो. दूरच्या पक्ष्यांना पुरत नाही, त्यांच्यासाठी निदान ३०० मिलिमीटरची लेन्स हवी. लगेच खरेदी करू नका. महिनाभर घरात काय काय येतं ते बघा, मग ठरवा.

प्रश्न : आमच्याकडे अंगण नाही, पाळीव प्राणी नाही. खिडकीबाहेर फक्त भिंत आहे.

उत्तर : त्या भिंतीवर उडी मारणारा कोळी नक्की शोधा. जाळं विणून वाट बघत बसणारा नव्हे. भिंतीवर थांबत-थांबत, झेप घेत फिरणारा, नखाएवढा किंवा त्याहूनही लहान. आठ डोळ्यांपैकी मधले दोन मोठे आणि समोर रोखलेले असतात, त्यामुळे त्याच्या चेहऱ्याला खरोखर नजर असते. बोट हळूच जवळ नेलं तर बहुधा पळण्याआधी तो वळून तुमच्याकडे बघतो. इतका छोटा जीव आणि असं निरखून बघतो, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

मोबाइलवर मॅक्रो मोड, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची सोय, असेल तर तो वापरा, नसेल तर वर चिकटवायची छोटी मॅक्रो लेन्स मिळते. इतक्या जवळून स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो. म्हणून फोकस लॉक करा, कोपर भिंतीला टेकवा आणि बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ भराभर फोटो, सुरू ठेवून मोबाइल केसभर पुढे-मागे करा. त्यातली एखादी फ्रेम बरोबर डोळ्यांवर बसेल. मोबाइलची सावली त्याच्यावर पडत असेल तर बाजूला एक पांढरा कागद धरा, त्याच्यावरून परतलेला उजेड पुरतो.