जुना बोर्ड कुणाचा?

पावसाळ्यात भिजलेल्या फोनची पत्रं येतातच. बहुतेकांचं उत्तर दोन ओळींत संपतं, म्हणून इथे घेत नाही. चिपळूणजवळच्या एका ताईंचं पत्र मात्र घेतो, कारण त्यांच्या बाबतीत वेळ अजून पुरती गेलेली नसावी.

ताई लग्नामुंजींच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेतात. स्कूटर पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, काढताना फोन पाण्यात गेला. चार दिवस तांदळाच्या डब्यात, मग बाजारपेठेतल्या मेकॅनिककडे आणि शेवटी कोल्हापूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला. तिथे साडेअकरा हजार घेऊन मदरबोर्ड, म्हणजे फोनचा मुख्य सर्किट बोर्ड, बदलला. फोन परत आला तो कोरा. गिऱ्हाईकं, आचारी, वाढपी, भांडीवाले, सगळे मिळून हजारभर नंबर गेले. फोन हातात येऊन दहा दिवस झालेत आणि आता त्या विचारतात: डेटा घालवला म्हणून सेंटरवर केस करता येईल का, आणि भरपाई किती मिळेल?

ताई, बॅकअप घ्यायला हवा होता हे तुम्हाला एव्हाना घरच्यांनी पुरेसं ऐकवलं असेल, मी त्यात भर घालत नाही. पाणी शिरलेला फोन वॉरंटीत बसत नाही, त्यावरही वाद घालण्यात अर्थ नाही. भरपाईचं नंतर बघू. आधी सांगा, जुना बोर्ड कुठे आहे?

तुमच्या दोन पानी पत्रात त्याचं नावही नाही. फोनमध्ये साठवलेले नंबर ज्या चिपवर असतात ती मदरबोर्डालाच सोल्डर केलेली असते. शिवाय हल्लीच्या फोनांत माहिती कूटबद्ध असते आणि तिची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी जखडलेली असते. नुसती चिप उपटून काम होत नाही, तोच बोर्ड थोडा वेळ का होईना चालू व्हावा लागतो. तो चालू होईल की नाही हे चिप-लेव्हल काम करणारा कारागीर सांगेल, वकील नव्हे. पण त्याच्यापुढे ठेवायला बोर्ड तर हवा! गॅरेजात ब्रेकशू बदलले तर जुने दाखव म्हणून अडून बसणारे आपण, फोनच्या काउंटरवर मात्र पावती घेऊन मुकाट्याने बाहेर पडतो.

आता तुम्ही पाठवलेल्या जॉबशीटच्या, म्हणजे फोन दुरुस्तीला देताना सही केलेल्या कागदाच्या, फोटोकडे येतो. सातव्या अटीत 'बदललेले भाग कंपनीच्या मालकीचे राहतील' एवढं वाचता येतं. त्या ओळीच्या सुरुवातीवर तुमचा अंगठा आला आहे. अख्खं प्रकरण त्या अंगठ्याखाली आहे. तिथे 'वॉरंटीअंतर्गत' असा शब्द असेल, तर ती अट तुम्हाला लागूच होत नाही, कारण तुमची दुरुस्ती वॉरंटीबाहेरची, पैसे मोजून झालेली आहे. मग बोर्ड तुमचा. अट सरसकट सगळ्या दुरुस्त्यांना असेल, तर बिल बघावं लागेल, आणि त्याचं दुसरं पान तुम्ही पाठवलेलंच नाही. काही कंपन्या जुना भाग ठेवून घेऊन नवा सवलतीत देतात. बिलात 'एक्सचेंज' दर लावला असेल, तर जुन्या बोर्डाच्या बदल्यात सूट घेतलीत असं ते म्हणतील आणि तुमची बाजू बरीच लंगडी पडेल. पूर्ण किंमत घेतली असेल, तर भांडायला जागा आहे.

'मी वाचलं नव्हतं, टॅबवर बोटाने सही करायला लावली' हे माझ्यापुढे म्हणालात ते ठीक, ग्राहक आयोगापुढे त्यावर विसंबू नका. सही केलेल्या कागदाबद्दल सर्वोच्च न्यायालय कडक आहे. १९९६ च्या भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या निकालात कुरिअरच्या पावतीवरची जबाबदारी मर्यादित करणारी छापील अट सही करणाऱ्यावर बंधनकारक मानली गेली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही तरतूद आली हे खरं, पण निव्वळ करार अनुचित आहे अशी तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, ती राज्य आयोगात न्यावी लागते. साडेअकरा हजारांसाठी त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्या उपयोगी पडणारा कायदा त्याहून जुना आहे. दुरुस्तीला दिलेली वस्तू म्हणजे भारतीय करार अधिनियम, १८७२ मधला निक्षेप, म्हणजे काम झाल्यावर परत घ्यायच्या बोलीवर सोपवलेली वस्तू. कलम १६० सांगतं, काम झालं की वस्तू मागेपर्यंत न थांबता परत करा. कलम १६१ प्रमाणे ती वेळेवर परत केली नाही, तर तिथून पुढे होणाऱ्या नुकसानीला ठेवून घेणारा जबाबदार. सातव्या अटीने बोर्ड त्यांचा होत नसेल, तर ही दोन्ही कलमं तुमच्या बाजूने आहेत. वेळ कधी टळली यावर वाद होऊ नये म्हणून लेखी मागणीची तारीख हवी, आणि तुमच्याकडे ती नाही. काउंटरवरच्या मुलाला व्हॉट्सॲपवर 'भाऊ, नंबर मिळतील का बघा ना' असं लिहिणं म्हणजे मागणी नव्हे.

म्हणून आजच सेंटर आणि कंपनी दोघांनाही ईमेल करा, आणि तेच पत्र स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. मजकूर लांबवू नका. जॉबशीट क्रमांक, तारीख आणि मग: 'माझ्या फोनमधून काढलेला मूळ मदरबोर्ड माझ्या मालकीचा आहे. तो नष्ट करू नये, भंगारात किंवा कंपनीच्या गोदामात पाठवू नये, आणि सात दिवसांत मला परत द्यावा. पाठवला असल्यास कुठे व कोणत्या तारखेला, ते लेखी कळवावं.' ई-कचऱ्याच्या नियमांमुळे परत देता येत नाही, असं उत्तर बहुधा येईल. ते नियम कचऱ्याची विल्हेवाट कशी लावायची ते सांगतात, तुमची वस्तू कचरा कधी झाली हे सेंटरला ठरवू देत नाहीत.

दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कोल्हापूरला खेपा घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे रत्नागिरीच्या आयोगात तक्रार चालते. ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तक्रारीबरोबरच कलम ३८(८) खाली अंतरिम अर्ज द्या: निकाल लागेपर्यंत बोर्ड जपून ठेवावा. हा अर्ज विसरलात तर बाकी तक्रार कितीही सुबक लिहिलेली असो, हाती काही लागणार नाही. कायद्यात नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल असं लिहिलं आहे. ते वाचून आमच्या बाररूममध्ये कुणी हसतसुद्धा नाही. समोरचा तारखा मागत राहील, मिळत राहतील, आणि तिकडे बोर्डातल्या भिजलेल्या तांब्यावर गंज चढत राहील. तो तारीख बघून थांबत नाही.

भरपाईबद्दल आत्ता आकडा देत नाही. डेटाची जबाबदारी आमची नाही, अशी अट त्याच जॉबशीटवर आहे. बोर्ड आधीच तुमच्या मेकॅनिकने मारला होता, असंही ते म्हणतील. त्याने हीटगन मारल्याचं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा ते अगदीच खोटं ठरेल असं नाही. धंद्यासाठी वापरलेला फोन म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, हाही आक्षेप येऊ शकतो. तुम्ही स्वतः राबून पोट भरता, त्यामुळे कायद्यातला स्वयंरोजगाराचा अपवाद मिळायला हवा, पण फोन केवळ त्याच कामाचा होता का, हे विचारलं जाईल. बुडालेल्या ऑर्डरींचा हिशेब कागदावर नसेल तर त्या मागण्यात दम नाही.

आणखी एक, पोस्टात जायच्या आधी. लेकाच्या फोनवर तुमचं गूगल खातं उघडून त्यात कॉन्टॅक्ट आहेत का ते पाहिलंत का? जुन्या सिममध्ये? पत्रावरून पाहिल्यासारखं वाटत नाही. तिथे निम्मे नंबर जरी निघाले तरी केस करायची की नाही याचा हिशेब बदलेल. बोर्डाचं पत्र मात्र तरीही टाका.

फोनवर *#०६# दाबा आणि येणारा आयएमईआय, म्हणजे फोनच्या ओळखीचा क्रमांक, खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून बघा. वेगळा असेल तर बोर्ड बदलल्याचा तो पुरावा, त्याचा फोटो काढून ठेवा. तोच असेल तर त्यावरून काही ठरत नाही, पण सेंटरला लेखी विचारा. बोर्ड परत आलाच तर त्याला करंट लावून बघायला कुणालाही देऊ नका, बाजारपेठेतल्या मेकॅनिकला तर नाहीच.

बिलाचं दुसरं पान आणि सातव्या अटीचा नवा फोटो पाठवा. अंगठा बाजूला ठेवून.