शेतीमुळे पाणी बिघडतं का, यावर पीएचडी करणारे नेमकं काय करतात? नुसत्या बाटल्याच भरतात का?

भरतात. प्रवरेच्या लाभक्षेत्रातल्या त्याच त्या विहिरी मी तीन वर्षं फिरले. एकदा मे महिन्यात, एकदा दिवाळीच्या सुमारास.

पण पाण्यात नायट्रेट (खतातून, मलमूत्रातून उतरणारं नत्राचं रूप) किती, हे शोधायला पीएचडी लागत नाही. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे; प्रयोगशाळा आकडा देऊन मोकळी होते. डोकं खातो तो पुढचा प्रश्न: हे आलं कुठून? उसातून, गोठ्यातून की घरामागच्या संडासाच्या शोषखड्ड्यातून? बऱ्याच वस्त्यांवर तिन्ही एकाच विहिरीला खेटून असतात.

संशय पहिला उसावर जातो, आणि उगाच नाही. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे. म्हणजे एकरी 160 किलो; सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तर 45 किलोच्या पावणेआठ गोण्या. जमिनीत युरियाचा अमोनिया आणि त्याचं नायट्रेट होतं. मातीचे कण ऋणभारित, नायट्रेटही ऋणभारित, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. रात्रीची लाईट आली, मोटार चालू करून माणूस झोपला, की ते पाण्याबरोबर मुरमातून आणि काळ्या पाषाणाच्या फटींतून खाली उतरतं.

संशय म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून नत्राची समस्थानिकं, म्हणजे त्याचे हलके आणि जड अणू, तपासायची. शेणामुतातून अमोनिया उडताना हलका नत्र आधी निघून जातो, मागे जड नत्राचं प्रमाण वाढतं. युरियाच्या नत्रात तो फरक पडलेला नसतो. त्यावरून खत आणि मलमूत्र वेगळं ओळखता येतं. गोठा आणि संडास मात्र यातून सुटे होत नाहीत. तिथे डोळे उघडे ठेवून वस्तीभोवती चक्कर मारणं हाच उपाय.

आणि माणसं! "दादा, युरिया किती टाकता?" असं विचारलं की पहिल्या भेटीत शिफारशीतला आकडा मिळतो, खरा तिसऱ्या चहाला. एका आजोबांनी उलट मलाच विचारलं, "ताई, पाणी खराब निघालं तर पाण्याची सोय तुम्ही करणार का?" मी गप्प. त्यांच्या सुनेला मात्र एक सांगून आले: बाळाला पाणी उकळून देताय, चांगलंच आहे, पण उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं.

या वाटेला जाणार असाल तर माझी एक फजिती ऐकून ठेवा. धातू तपासायच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालतात. पहिल्याच फेरीत मी ते नायट्रेटच्या बाटल्यांतही घातलं, म्हणजे जे मोजायचं तेच वरून ओतलं. आकडे बघून मार्गदर्शक सर आधी चक्रावले, मग पोट धरून हसले. मी दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली.