तुटक रेघेची लाज कसली?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

कोकणातल्या सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठाराच्या, भूशास्त्रीय नकाशाबद्दलचा तुझा मेसेज परवा रात्री साडेअकराला वाचला आणि मग झोप काही लागेना. ‘सर, साहेब म्हणतात, सड्याचा उरलेला भाग उपग्रहाच्या चित्रावरून भरून टाक. मार्चअखेर नकाशाचं शीट द्यायचंय. सगळे तसंच करतात. मी एकटीच अडून बसले तर वेडी ठरेन का?’

तू हुशार आहेस, जिद्दी आहेस वगैरे मी लिहीत बसणार नाही. ते तुला ठाऊक आहे, आणि प्रश्न तो नाहीच. प्रश्न एका रेघेचा आहे.

भर ना चित्रावरून. कोण नको म्हणतंय? फक्त रेघ तुटक काढ.

सलग रेघ म्हणजे दोन खडकांची सीमा मी तिथे जाऊन पाहिली. तुटक म्हणजे अंदाजाने जोडली. टिंबं म्हणजे ती मातीखाली, गाळाखाली झाकलेली आहे. ही तीन चिन्हं कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकवतात आणि नोकरीच्या पहिल्या मार्चमध्ये माणूस त्यातली दोन विसरतो.

फेब्रुवारीत गवत करपलं की जांभ्याची कड चित्रात छान उठून दिसते, मान्य. पण त्या कडेवरून ढासळलेले धोंडे उतारभर पसरलेले असतात आणि वरून बघणाऱ्याला तेही जांभाच वाटतात. त्यावर कुणी कलमं लावलेली असली तर संपलंच. खरी सीमा तुला चिरेखाणीच्या भिंतीत सापडेल, नाहीतर विहिरीत उतरून, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाशी वाकून. वर खडबडीत चिरा, खाली पांढरट-जांभळी ओली चिकणमाती, नखाने ओरबाडली तर नखात राहणारी, आणि तिच्याखाली आधी कुजलेला, मग ताजा काळा कातळ. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं, त्या मातीवर अडतं आणि कडेने बाहेर फुटतं. सड्याखालच्या वाड्या झऱ्याच्या आसऱ्याने का वसल्या, ते तिथे उभं राहिलं की कळतं. तू जिला जांभ्याची सीमा म्हणतेस ती गावाच्या लेखी पाण्याची जागा आहे.

आता हिशेब कर. १:५०,०००च्या शीटवर तुझ्या पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद असते. तिच्यात एक घर, गोठा, विहीर आणि चार कलमं सहज मावतात. म्हणजे इमानाने चालून काढलेली रेघसुद्धा एवढी जाड. न चालता काढलेली किती जाड, ते तूच ठरव.

मी हे कुठल्या तोंडाने सांगतोय तेही ऐक. राजापूरच्या बाजूचं, ‘४७ एच’ या क्रमांकाच्या नकाशा-गटातलंच शीट. तेव्हा किनाऱ्याकडची टोपोशीटं, म्हणजे डोंगर-नद्या दाखवणारे सरकारी नकाशे, कपाटात कुलूपबंद असायची, सही करून घ्यायची, संध्याकाळी मोजून परत करायची. २०२१मध्ये नियम सैल झाले, तुमची पिढी सुटली. तर सीझन संपत आलेला, जीप दुसऱ्या पार्टीकडे, आई अंथरुणाला खिळलेली. एका सड्याची तीनेक किलोमीटर कड मी समोरच्या टेकडीवरून दुर्बिणीने पाहिली आणि सलग रेघ ओढली. कुणी सांगितलं नव्हतं. पुढे बऱ्याच वर्षांनी त्या नकाशावर भरवसा ठेवून वाडीने विहीर खणली. कोरडी. धोंड्यांच्या पसाऱ्याला मी जांभा म्हटलं होतं. खरी कड बरीच वर होती. मी तिथे तुटक रेघ काढली असती तर खणण्याआधी कुणीतरी एकदा चालून पाहिलं असतं.

त्यानंतर मी हट्टी झालो. एक शीट दोन सीझन उशिरा दिलं, बढती गेली. माझ्या बायकोच्या मते तो तत्त्वाचा प्रश्न नव्हता, अहंकाराचा होता. असेलही. पण त्या शीटवर ज्या रेघा सलग आहेत त्या सलग आहेत. आणि उशीर झाला तो चार तुटक रेघा पुसायला मी नकार दिला म्हणून झाला, आळसाने नव्हे, हेही लिहून ठेवतो. जाऊ दे.

‘एका सड्यासाठी एवढं?’ असंही विचारलं आहेस. अगं, लॅम्बटन नावाच्या इंग्रज मोजणी अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ साडेसात मैलांची एक रेषा साखळीने मोजली, आणि तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत अख्ख्या उपखंडाचा सांगाडा उभा राहिला. १८०८मध्ये तंजावरला मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटला आणि अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, भिंतीवर आपटला. त्याचं अंशांचं चक्र वाकलं. आकडे जुळवून घेणारे तेव्हाही असतीलच. हा गृहस्थ सहा आठवडे तंबूत बसून ते चक्र पुन्हा गोल करत राहिला. साहेब राज्य करायला मोजत होता, हे मी विसरत नाही. पण १८२३ साली आपल्या हिंगणघाटला मेला तेव्हाही तो मोजणीच्याच कामावर होता.

आणि जाऊन पाहिलं म्हणजे सगळं कळलं, असंही समजू नकोस. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठण्याच्या सड्यावर त्या कातळशिल्पाजवळ होकायंत्र ठेवून बघ. सुई भलतीकडेच वळते. खडकाच्या चुंबकत्वापुढे तिचं काही चालत नाही. अशा जागी वहीत लिहायचं: इथे सुईवर विश्वास नाही. तीही एक तुटक रेघच, आणि ती काढायला मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटते त्या दुसऱ्या, सलग रेघेची.

साहेबांशी भांडू नकोस. शीट वेळेवर दे. न चाललेला भाग तुटक ठेव आणि अहवालात एक ओळ टाक: अमुक भाग प्रतिमेवरून, प्रत्यक्ष तपासणी बाकी. ती ओळ खोडायला सांगितली तर खोडणाऱ्याला स्वतःच्या हाताने खोडू दे. तळियेची दरड आठवते ना, जुलै २०२१ची? दरडीच्या धोक्याचे नकाशे शेवटी याच रेघांवर उभे राहतात, म्हणून एवढी चिडचिड करतोय. वाईट वाटून घेऊ नकोस.

येत्या रविवारी मोकळी असशील तर ये. माझे गुडघे आता चिरेखाणीच्या पायवाटेपर्यंतच साथ देतात, तिथवर रिक्षा जाते. मी फणसाखाली बसेन, तू कडेने पऱ्यापर्यंत जाऊन ये. दोन बाटल्या पाणी घे, टोपी विसरू नकोस, आणि माझं जुनं शीट मी काढून ठेवलंय, त्यासाठी खोडरबर आण. माझा पार कडक झालाय.