मे महिन्यात माशांच्या टाकीचं पाणी ३२ अंशांवर जातंय: चिलर घेण्याआधी हे करा

तुम्ही कळवलंय की तुमची माशांची टाकी दोन बाय एक बाय एक फुटाची, घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, खिडकी पश्चिमेची. दुपारनंतर पाणी ३२ अंशांवर जातं, एंजल आणि निऑन टेट्रा वर येऊन तोंड मारत राहतात, दोन गोल्डफिश कोपऱ्यात निपचित असतात, आणि रात्री त्याच खोलीत एसी लागतो. दुकानदार चिलर (टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र) घ्या म्हणतोय, घरचे बर्फ टाका म्हणतायत. माझं स्पष्ट मत असं की आज या दोन्हीपेक्षा हवेची गरज जास्त आहे.

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३२ अंशांना ७.३ च्या आसपास. फरक किरकोळ वाटेल, पण त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते आणि फिल्टरमधले जिवाणूही त्याच ऑक्सिजनवर जगत असतात. म्हणजे मासे वर येतात ते धाप लागून. एअर पंप आत्ता सुरू करा आणि तो रात्रीही बंद करू नका. आवाजाने झोप मोडते म्हणून बरेच जण रात्री पंप बंद करतात. पण टाकीत झाडं असतील तर अंधारात तीही ऑक्सिजनच घेतात, त्यामुळे पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. फिल्टरचं तोंड असं वळवा की पाण्याचा पृष्ठभाग सतत हलत राहील. खाणं निम्म्यावर आणा. उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो आणि गरम पाण्यात त्याचा विषारी भाग वाढतो.

आता तापमान. काचेचं झाकण काढून वर जाळी ठेवा (एंजल उडी मारतात) आणि एक छोटा टेबल फॅन पृष्ठभागावर तिरका लावा. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी वाफ होताना घेऊन जातं. त्यामुळे पंख्याचं काम दिसायला साधं असलं तरी ते दिवसभर चालू राहतं. मुंबईच्या दमट हवेत मे महिन्यात २ ते ३ अंश उतरतील अशी अपेक्षा ठेवा. पावसाळ्यात हवा आधीच ओली असते, तेव्हा एवढा फायदा मिळणार नाही. पण तेव्हा ऊनही नसतं. पाण्याची पातळी रोज खाली जाईल, तेवढी भर घालत राहा. मात्र ही भर म्हणजे पाणी बदलणं नव्हे. वाफ होताना क्षार मागेच राहतात, म्हणून आठवड्याचा पाणीबदल चुकवू नका. नळाचं पाणी सकाळी लवकर भरून ठेवा, कारण दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी तुमच्या टाकीपेक्षाही गरम असतं. अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रावण) घालायला विसरू नका.

बर्फाला माझा विरोध का आहे ते सांगतो. खडी आणि वरची रिकामी जागा सोडली तर तुमच्या टाकीत ४५ लिटरच्या आसपास पाणी असेल. एक लिटरची गोठवलेली बाटली त्याचं तापमान २ अंशांहून थोडं जास्त उतरवते, आणि बर्फ संपला की पाणी परत चढतं. दिवसातून दोनदा हे केलं तर मासे सतत या चढउतारात राहतात. ३० अंशांवर स्थिर असलेलं पाणी बरेच मासे सोसतात. रोजचे हेलकावे मात्र त्यांची ताकद खातात, आणि मग पांढऱ्या ठिपक्यांचा रोग डोकं वर काढतो. पंख्यानेही पाणी ३२ च्या खाली येत नसेल तरच बंद बाटली तरंगत ठेवा. बर्फाचे खडे थेट पाण्यात कधीच नकोत.

त्याच कारणाने मला तुमच्या दुपारपेक्षा एसीची रात्र जास्त खटकते. संध्याकाळी ३२ आणि पहाटे २७ हा फरक फार झाला. मे महिन्यात हीटर म्हटलं की लोक चमकतात, पण इथे त्याचं काम पाणी एका पातळीखाली जाऊ न देणं एवढंच आहे. पंखा संध्याकाळचं पाणी उतरवेल, पण पहाटेचंही २७ च्या खाली नेईल; ते रोखायला २७ वर लावलेला ५० वॉटचा हीटर पुरेल. दुकानात २०० वॉटचा गळ्यात मारतील, तो घेऊ नका. थर्मोस्टॅट अडकला तर २०० वॉटचा हीटर एवढं पाणी तासाला तीन-साडेतीन अंशांनी तापवू शकतो. ५० वॉटचा तासाला एक अंशही नाही, म्हणजे तुमच्या लक्षात यायला वेळ मिळतो. पाणी बदलताना त्याचा प्लग काढा आणि पंधरा मिनिटं थांबूनच हीटरची काच पाण्याबाहेर उघडी पडू द्या, नाहीतर ती तडकते.

खिडकीला जाड पडदा लावा, दिवे दुपारऐवजी संध्याकाळनंतर लावा. चिलरवर एवढ्यात पैसे घालू नका. तो पाण्यातून काढलेली उष्णता त्याच खोलीत सोडतो.

गोल्डफिशचं मात्र काहीतरी करायलाच हवं. तो थंड पाण्यातला मासा, २० अंशांच्या आसपास खुलतो. एंजलला २४ ते २८ लागतं. एका टाकीत दोघांना सुख देता येत नाही. ओळखीत कुणाकडे मोठी, गार जागेतली टाकी असेल तर त्यांना द्या. निऑनही २६ च्या वर रमत नाहीत, आणि एंजल मोठे झाले की निऑन त्यांच्या तोंडात मावतात. पुढच्या वेळी थवा हवा असेल तर उष्णता जास्त सोसणारे कार्डिनल टेट्रा बघा, तेही पूर्ण वाढलेले.

चार-पाच दिवस पहाटे सहाला आणि संध्याकाळी पाचला पाण्याचं तापमान लिहून ठेवा आणि मला कळवा. पंखा आणि हीटर लावूनही दोन्ही वेळांत तीन अंशांचा फरक राहिला, तर टाकी रिकामी करून हॉलमध्ये हलवणं बरं. भरलेली उचलू नका, काचांचे सांधे सुटतात.