गुग्गुळ लावावा काय? माळरानाच्या शेतकऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न : गुग्गुळात अँटिऑक्सिडंट (शरीरातील पेशींना अपाय करणारे कण निकामी करणारे घटक) भरपूर असल्याने डिंकाला मोठा दर मिळतो, असे रोपे विकणारे सांगतात. सांगोला, मंगळवेढा भागातील मुरमाड जमिनीत डाळिंब काढून गुग्गुळ लावावा काय?

उत्तर : डाळिंब काढून लावू नये, मात्र पडीक माळावर किंवा बांधावर थोडी झाडे लावून पाहण्यास हरकत नाही.

गुग्गुळ हे मूळचे राजस्थान, कच्छ आणि सिंधच्या कोरड्या प्रदेशातले काटेरी झुडूप असून त्याची साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते. औषधात वापरतात तो सालीतून पाझरणारा डिंक. प्रयोगशाळेत डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणात अर्क टाकतात आणि रंग उतरून पिवळसर झाला, की त्यात अँटिऑक्सिडंट गुण आहे असे मानतात. गुग्गुळाच्या अर्कात आणि त्यातील गुग्गुलस्टेरोन या घटकात असा गुण दिसला आहे. परंतु काचेच्या नळीत जे घडते ते शरीरात तसेच घडेल असे नाही. गुग्गुळाने कोलेस्टेरॉल उतरते काय, हे पाहणाऱ्या आणि अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचे वाईट कोलेस्टेरॉल कमी न होता किंचित वाढले होते. म्हणून केवळ ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दावर दराचा हिशेब मांडू नये. तसे पाहिले तर आपल्या डाळिंबातही हा गुण चांगला आहे.

लागवड करायचीच असेल तर पावसाच्या सुरुवातीला पेन्सिलीहून थोडी जाड, वीतभर लांबीची छाट कलमे निचऱ्याच्या जमिनीत लावावीत. भीमाकाठच्या काळ्या, पाणी धरणाऱ्या रानात मुळे कुजतात. रोपे घेताना सालई गुग्गुळाची रोपे तर देत नाहीत ना, हे पाहावे. सालई हे वेगळे झाड असून त्याच्या डिंकातील घटकही वेगळे आहेत.

डिंक हाती येण्यास सहा ते आठ वर्षे लागतात आणि तोही झाडामागे काही शे ग्रॅमच असतो. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खोडाला उथळ चिरा देतात. चीर खोल गेली तर झाड वाळते. डाळिंबाच्या पानगळीसाठी आपण फवारतो तेच इथेफॉन चिरेत भरून डिंक वाढवण्याची पद्धत आहे. त्याने एकदा डिंक भरपूर मिळतो, पण मात्रा चुकली की झाडच जाते. अशाच ओरबाडण्याने आज गुग्गुळ अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे, त्यामुळे इथेफॉन वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरचा कच्चा डिंक औषध म्हणून खाऊ नये. वैद्य तो त्रिफळ्याच्या काढ्यात शुद्ध करूनच वापरतात. गरोदर स्त्रियांनी आणि थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

रोपवाटिका खरेदीची हमी देत असेल, तर दर, मुदत आणि डिंकाची प्रत लेखी घेतल्याखेरीज आगाऊ रक्कम देऊ नये.