अबब कोण म्हणतं?

लाडक्या चिऊस,

अनेक आशीर्वाद. बाबांनी पाठवलेले तुझ्या निबंधाचे फोटो काल रात्रपाळी संपल्यावर बसमध्ये बसून वाचले. 'पावसाळ्यातील एक दिवस' एकदा लिहिलास, त्याखाली बाईंनी लाल शाईत शेरा दिला, 'उद्गारवाचक शब्द वापरावेत, भावना दिसाव्यात', म्हणून तू तो पुन्हा लिहिलास. दुसऱ्या खेपेला नऊ उद्गार आहेत. अहाहा! किती सुंदर पाऊस! अबब! केवढं पाणी! अरेरे! बिचारी माझी चप्पल!

आणि खाली तुझी चिठ्ठी. "आई, आपल्या घरात अबब कुणीच म्हणत नाही. मराठी माणसं खरंच असं म्हणतात, की ते फक्त पुस्तकात असतं? आणि आजी लाजली की इश्श म्हणते, पण व्याकरणाच्या पुस्तकात इश्श तिरस्काराच्या रांगेत आहे. बरोबर कोण?"

फोनवर दोन वाक्यांत संपवण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून पत्र लिहायला बसले.

आधी इश्श. आजी बरोबर आहे. पुस्तकवाल्यांना तक्ता करायचा असतो. हर्षाला वा आणि अहाहा, शोकाला अरेरे आणि हाय, प्रशंसेला शाबास आणि भले, विरोधाला छे, तिरस्काराला शी आणि छी. इश्श ऐकायला 'शी'च्या जवळचा, म्हणून बसला त्या रांगेत. पण हे शब्द रांगेत फार वेळ उभे राहत नाहीत. तू नुसता 'हं' म्हणून बघ. गोष्ट ऐकताना म्हणतो तो हं वेगळा, वाटी पुढे करत 'हं, घे' म्हणतो तो वेगळा, आणि तू खिडकीच्या गजावर चढलीस की आजी स्वयंपाकघरातून 'हं!' करते तो तर फारच वेगळा. अक्षर एकच, अर्थ सगळा आवाजात. लिहिताना हीच अडचण येते. कागदाला आवाज नसतो.

व्याकरणात ह्यांना केवलप्रयोगी म्हणतात, ते नाव मला आवडतं. बाकीचे शब्द वाक्यात एकमेकांचा हात धरून उभे असतात. कर्ता बदलला की क्रियापद बदलतं, लिंग बदललं की विशेषण बदलतं. 'बापरे' मात्र कुणाचा हात धरत नाही. वाक्यातून काढून टाक, वाक्य तसंच उभं राहतं. मराठीचं व्याकरण १८३६ साली छापून आणणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर आपल्या मुंबईचेच. तेव्हापासून हे शब्द तक्त्यात बसवण्याची खटपट चालू आहे, आणि हे शब्द तक्त्याबाहेरच जास्त वावरतात.

आता अबब. म्हणतात, पण कोण म्हणतं ते बघ. लहान बाळाला चित्रातला हत्ती दाखवताना मोठी माणसं डोळे विस्फारून 'अबब, केवढा मोठा!' म्हणतात. तुलाही मी म्हटलेलं आहे, तुला आठवत नाही इतकंच. दहा वर्षांची मुलगी जिन्याखाली पाणी भरलेलं बघून अबब म्हणत नाही. तू काय म्हणालीस ते तुला माहीत आहे. आजी 'अगंबाई' म्हणते. दारावर मासे घेऊन येणाऱ्या कोळीणमावशी 'अगो बाय' म्हणतात. बाबा नुसतं 'च्च' करतात. प्रत्येकाचा उद्गार त्याच्या तोंडचा असतो. आजीच्या तोंडचा बाबांना दिलास तर वाचणाऱ्याला लगेच खोटं वाटतं.

इथली एक गोष्ट सांगते. गेल्या आठवड्यात वॉर्डमध्ये पलंगाचा कठडा खाली घेताना माझं बोट चेमटलं आणि मी ओरडले, "आई गं!" दिवसभर मी इथे इंग्रजीत बोलते, स्वप्नंसुद्धा कधीकधी इंग्रजीत पडतात, पण बोट चेमटल्यावर तोंडातून आईच आली. पलंगावरच्या आजींनी विचारलं, काय म्हणालीस? मी सांगितलं, आईला हाक मारली. त्यांनी विचारलं, आई इथे आहे का? मी म्हटलं, नाही, मुंबईला. त्या मग बराच वेळ माझं बोट हातात धरून बसल्या.

तेव्हा पहिल्यांदा नीट लक्षात आलं. दुखलं की आपण 'आई गं' म्हणतो, घाबरलो की 'बाप रे'. आपले कितीतरी उद्गार मुळात हाका आहेत. अगं, अरे, अहो तर उघडउघड हाकाच. म्हणून त्यांत समोर कोण आहे तेही दिसतं. आजी बाबांना अरे म्हणते, मी अहो म्हणते, आणि तुला दोघीही अगं म्हणतो. शाबास तर फारसीतून आला. 'शाद बाश', म्हणजे आनंदात राहा. ओव्हल मैदानावर एखाद्याने झेल घेतला की सगळे शाब्बास ओरडतात तो खरं तर आशीर्वाद आहे.

आता तुझ्या निबंधाकडे येते. त्याआधी माझा एक पाऊस.

२६ जुलै २००५. मी कॉलेजात होते, सांताक्रूझला. दुपारी पाऊस लागला तो थांबेचना, गाड्या बंद पडल्या. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला मात्र जेमतेम ७३. म्हणजे इकडे आम्ही बुडत होतो आणि गिरगावात आजीला आपला नेहमीसारखा पाऊस दिसत होता. फोन लागत नव्हते. आम्ही चौघीजणी रात्रभर कॉलेजच्या वर्गात बसलो आणि सकाळी चालत निघालो. काही ठिकाणी छातीपर्यंत पाणी होतं, अनोळखी माणसांनी रस्त्यात दोरी धरून ठेवली होती, ती पकडून पलीकडे गेलो. दादरला एका टॅक्सीवाल्याने आम्हाला घेतलं आणि पैसे घेतले नाहीत.

घरी पोचले तेव्हा आजी दारातच होती. आधी रागावली. कुठे होतीस, एक फोन करता येत नव्हता का? मी सांगू लागले, पाणी होतं, खूप पाणी होतं. तिला ते खरंच वाटेना, पाऊस तर तिनेही पाहिला होता. मग तिची नजर माझ्या ओढणीवर गेली. चिखल वाळून तिच्यावर एक सरळ तपकिरी रेघ उमटली होती, इथे, खांद्याच्या थोडी खाली. आजीने त्या रेघेला बोट लावलं. मग खाली माझ्या पायांकडे बघितलं, परत रेघेकडे बघितलं, आणि अगदी हळू म्हणाली, "अगं आई गं..." आणि तिथेच उंबरठ्यावर बसली.

बघ चिऊ, मी तिला दहा वेळा 'खूप पाणी' सांगितलं, त्याने काही झालं नाही. रेघ दिसली आणि उद्गार आला. ती ओरडलीसुद्धा नाही. निबंधात मी 'अबब! केवढं पाणी!' लिहिलं असतं तर तुला काय दिसलं असतं?

म्हणून तुझा पहिला निबंध पुन्हा काढून बघ. त्यात तू लिहिलं होतंस, "पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं आणि एक निळी चप्पल तरंगत गेली. ती माझीच होती." दुसऱ्या निबंधात हे वाक्य नाही. नऊ उद्गारांना जागा करताना ते गेलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. ते परत आण. तिसरी पायरी म्हणजे तुझ्या ओढणीवरची रेघ आहे.

मग आठव. चप्पल गेली तेव्हा कोण काय म्हणालं? तू "अगं आजी, माझी चप्पल!" म्हणालीस का? की काहीच न बोलता तोंड उघडं ठेवून बघत राहिलीस? जे झालं तेच लिही, ज्याच्या तोंडचं आहे त्याच्या तोंडी ठेव. बाईंचं म्हणणंही चुकीचं नाही. पहिल्या निबंधात सगळे अगदीच गप्प होते, जिन्यात एवढी माणसं असून कुणाचा आवाज नव्हता. त्यांना तो आवाज हवा आहे. माझ्या मते सबंध निबंधात दोन उद्गार पुरेत, फार तर तीन. अहाहा मात्र काढ. कांदाभजी खाताना कुणी म्हणालं असेल तरच ठेव.

आणि उद्गारचिन्हाचं. जुन्या मोडी कागदांत असलं चिन्ह नसे, ओळी सलग धावत. विरामचिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय मेजर कँडी ह्या इंग्रज अधिकाऱ्याला देतात. तेव्हा ही उभी रेघ आणि खालचा ठिपका आपल्याकडे तसा नवा पाहुणा आहे, एका वेळी एकच बोलवायचा. तू 'अबब'पुढे तीन मांडलेस. उद्गार एकटा उभा असेल तर चिन्ह त्याच्यापुढे: 'बापरे! पाणी वर आलं.' त्याच दमात वाक्य पुढे जात असेल तर स्वल्पविराम आणि चिन्ह शेवटी: 'अगं, ती माझी चप्पल!' मोठ्याने वाच, श्वास कुठे थांबतो ते कळेल. आजीच्या 'अगं आई गं'नंतर मी चिन्ह दिलंच नाही, तीन टिंबं दिली, कारण ती तसंच म्हणाली होती.

नवा निबंध लिहून झाला की बाईंना देण्याआधी आजीला वाचून दाखव, दुपारी ती तांदूळ निवडत बसते तेव्हा. ती मध्येच कुठे हं करते, कुठे अगंबाई म्हणते, कुठे हात थांबवून तुझ्याकडे बघते ते वहीच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेव. रविवारी फोनवर मला आधी तेच सांग, निबंध मग वाच.

औषधाची आठवण तिला कर. निळी चप्पल ह्या खेपेला मी आणते, माप पाठव.

तुझी,
आई