मुलांची टीम हाती घेताय? आधी हे बघा

अभिनंदन सर! ड्रिल, डाएट नंतर बघू. आधी प्रत्येक पालकाला विचारा: घरात पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेलंय का? हो म्हणाले, तर आधी हृदयरोगतज्ज्ञ, मग मैदान.

नवे कोच हमखास चुकतात ते इथे:
- पळता पळता पोरगं बेशुद्ध पडलं, तर "उपाशी असेल" म्हणत ग्लुकोज पाजून परत खेळवतात. तपासणीशिवाय अजिबात नाही.
- अंगात ताप असताना सराव.

कोसळलेला मुलगा हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वासही घेत नसेल, तर कांदा हुंगवत बसू नका. अधूनमधून येणारी घरघर म्हणजे श्वास नव्हे! एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दाबायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ सेंटिमीटर खोल. २०२१ मध्ये कोपनहेगनला डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन मैदानातच कोसळला, तो सीपीआर (म्हणजे हेच छाती दाबणं) आणि हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्रामुळे वाचला. सीपीआर या आठवड्यातच शिकून घ्या.